जस्ताच्या तीन रेघा

आत्या अंगाने लहानखुऱ्या. शाळेत त्यांना कायम पहिल्या बाकावर बसवायचे आणि वर्गाचा फोटो काढताना पुढे जमिनीवर. याचं त्यांना फार वाईट वाटायचं. पुढे याच अंगावर त्यांची नोकरी उभी राहिली. ज्या प्रयोगशाळेत त्या कामाला लागल्या तिथलं मोठं यंत्र आतून पोकळ आहे, सायकलच्या ट्यूबसारखं गोल. आत शिरायचं दार इतकं अरुंद, की धिप्पाड फिटर खांद्यापर्यंत जायचे आणि तिथेच अडकून शिव्या घालायचे. आत्या आधी एक हात, मग डोकं, मग कंबर वळवून अशा आत जायच्या की बाहेरच्याला वाटावं, या रोज स्वयंपाकघरातच निघाल्या आहेत.

कागदोपत्री त्या यंत्राला लांबलचक नाव आहे. तिथली माणसं त्याला भांडं म्हणतात. भांडं कधी उघडणार, भांडं बंद झालं का, असंच बोलणं चालतं. आणि त्यांना आत्या म्हणतात, कारण सुरुवातीच्या काळात गेटवर बसणारी त्यांची भाची तशी हाक मारायची. ऐकून ऐकून सगळा विभाग म्हणायला लागला, त्यांच्याहून मोठे असलेले साहेबसुद्धा.

या भांड्यात हायड्रोजन वायू तापवतात. सूर्याच्या पोटात जे आपोआप चाललेलं असतं ते इथे मुद्दाम घडवून पाहायचं, अणू एकमेकांत मिसळून त्यातून उष्णता मिळवायची. इतका तापलेला वायू, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, भिंतीला टेकून चालत नाही. चुंबकांच्या जोरावर तो मधल्यामधे धरून ठेवतात. त्यात परक्या वस्तूचे कण गेले, की दुधात मिठाचा खडा पडावा तसं होतं. ते कण उष्णता ओढून घेतात, उजेड करून उधळतात आणि बघता बघता प्लाझ्मा गार होऊन विझतो. म्हणून भांडं आतून स्वच्छ हवं. आतल्या भिंतीला धातूच्या टाइल बसवलेल्या असतात. त्या काढायच्या, पुसायच्या, परत आवळायच्या, हे काम आत्या करत आल्या. नवरा गेला तेव्हा मुलगा प्राथमिक शाळेत होता. त्याचं सगळं शिक्षण या टाइल पुसून झालं.

काम असं, म्हणून स्वभाव तसा झाला, की स्वभावच तसा म्हणून काम जमलं, हे सांगता येत नाही. पण आत्यांचा कशावर चटकन विश्वास बसत नसे. दुकानातून आणलेलं तेलाचं पाकीट त्या दाबून बघायच्या. गॅस बंद केल्यावर बटणाकडे परत एकदा बघून यायच्या. मुलगा “जेवलो” म्हणाला तर डबा उघडून पाहायच्या.

त्यांना सून मिळाली ती त्याच प्रयोगशाळेतली. मुलगा डबा द्यायच्या निमित्ताने गेटवर यायचा आणि लेझर विभागातली ही मुलगी नेमकी तेव्हाच चहाला बाहेर पडायची. आत्या अजूनही म्हणतात, “डबा मी विसरत नव्हते. तो दडवून ठेवायचा.”

सुनेचं काम आत्यांच्या कामावर पहारा ठेवण्याचं. म्हणजे तिच्या नेमणुकीच्या कागदावर असं लिहिलेलं नव्हतं, पण आत्यांनी त्याचा अर्थ तोच लावला होता. जाड काचेच्या खिडकीतून सून लेझरचा बारीक झोत आत सोडते. तो टाइलवर जिथे पडतो तिथल्या ठिपक्याएवढ्या जागेची क्षणात वाफ होते, ठिणगी चमकते. त्या ठिणगीचा उजेड दुसऱ्या यंत्रातून फाकवला, की पडद्यावर रंगांच्या पट्ट्यात रेघा उमटतात. लोखंडाच्या रेघा वेगळ्या जागी, तांब्याच्या वेगळ्या. प्लाझ्माच्या उजेडातही अशाच रेघा दिसतात. त्या पाहून आत कोण घुसलंय ते कळतं, आणि लेझर फिरवून ते भिंतीच्या कुठल्या भागातून आलं ते शोधता येतं.

तर अशा दोन संशयी बायका एका घरात. एक पुसणारी, एक पुसलेलं तपासणारी. दोघींच्या मधे मुलगा आणि नुकतं रांगायला लागलेलं बाळ. घर चाललं होतं. सुनेने घासलेली कढई आत्या परत विसळायच्या, आत्यांनी बंद केलेली खिडकी सून परत ओढून बघायची, आणि दोघी त्याबद्दल एकमेकींना काही बोलत नसत.

त्या वर्षी भांडं दुरुस्तीसाठी उघडलं, आत्यांनी आत जाऊन सगळं पुसून आवळलं, दार बंद झालं. हवा काढली, वायू सोडला, आणि प्लाझ्मा पेटेना. म्हणजे पेटायचा आणि लगेच विझायचा. त्याच्या उजेडात, निळ्या भागात, तीन रेघा ठळक दिसत होत्या. त्या जस्ताच्या होत्या.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. जस्त भांड्यात यायचं कारणच नाही, त्यामुळे पहिला संशय पितळेवर गेला. पितळेत जस्त असतं आणि तापलं की ते उडून बाहेर येतं. कुणीतरी चुकून पितळेचा स्क्रू आत लावला असणार. स्टोअरकीपर खवळला. त्याने स्क्रूंच्या सगळ्या पिशव्या साहेबांच्या टेबलावर आणून ओतल्या आणि म्हणाला, शोधा. पितळेचा एकही निघाला नाही. साहेबांनी मग दोन गोष्टी जाहीर केल्या. हे कुठून आलं ते कळेपर्यंत मागच्या खेपेला आत गेलेल्यांपैकी कुणी परत आत जाणार नाही. आणि ज्याच्या हातून झालं असेल तो यापुढे कधीच जाणार नाही.

मागच्या खेपेला आत गेलेल्यांपैकी म्हणजे आत्याच. दुसरं कोण जाणार होतं? निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. ती आता भांड्याबाहेर, हातमोजे वाटण्याच्या खिडकीवर बसून काढावी लागणार होती. तिथला माणूस दिवसभर शब्दकोडी सोडवायचा आणि लोक त्याच्याकडे न बघता मोजे उचलायचे.

त्याच संध्याकाळी त्यांनी बाथरूमच्या अर्धवट उघड्या दारातून सुनेला पाहिलं. बाळाला लंगोटाने पुरळ उठलं होतं, त्यासाठी डॉक्टरांनी पांढरं मलम दिलं होतं. सून ती ट्यूब दिव्याखाली धरून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचत होती. वाचून झाल्यावर तिने मोबाइलने फोटो काढला आणि ट्यूब होती तशीच ठेवून दिली, टोपण त्याच बाजूला करून. फोटोचं आत्यांना तितकं वाटलं नाही. ट्यूब होती तशीच ठेवण्याची तिची काळजी त्यांना खुपली.

ती गेल्यावर त्यांनी चष्मा लावून ट्यूब वाचली. झिंक ऑक्साइड. झिंक म्हणजे जस्त, एवढं त्यांनाही ठाऊक होतं.

जेवताना सून सहज विचारल्यासारखं म्हणाली, “आई, सकाळी बाळाला मलम लावल्यावर तुम्ही हात साबणाने धुता ना?”

“का गं?”

“असंच. ते चिकट असतं.”

“तू धुतेस?”

मुलाने दोघींकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या उगाचच इकडून तिकडे ठेवला.

“मी आत जाताना हातात दोन मोजे घालते,” आत्या म्हणाल्या, “एकावर एक. तुझ्या लेझरचा आरसा बसवायला तू त्या खिडकीच्या आत हात घातला होतास तेव्हा एकच मोजा होता. मी बघितलंय.”

दुसऱ्या दिवसापासून आत्यांनी सकाळी बाळाला हात लावणं बंद केलं. बाळ रडलं तरी दारात उभं राहून हाक मारायच्या, “तुझा मुलगा रडतोय.” सून आंघोळ अर्धवट टाकून यायची. ही शिक्षा नेमकी कुणाला होत होती, ते सांगणं कठीण होतं.

इकडे सून लेझर टाइलटाइलवर फिरवत होती. बहुतेक टाइल स्वच्छ निघाल्या. खालच्या बाजूला, दाराजवळच्या काही टाइलवर मात्र तीन निळ्या रेघा आल्या, आणि जागा जुळवत गेल्यावर त्यातून पट्टे तयार झाले, एका बाजूने दुसऱ्या बाजूला ओढलेले, थोडे वळणदार. बोटांचे ठसे नव्हते ते, आणि उडून बसलेल्या वाफेचा सारखा थरही नव्हता. ओल्या फडक्याने ओटा पुसला की वाळल्यावर दिसतात तसे पट्टे. सुनेने असे पट्टे स्वतःच्या ओट्यावर रोज पाहिलेले होते. तिने साहेबांना सांगितलं, की अजून पूर्ण तपासून झालं नाही. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

आत्यांना याचा वास लागलाच. लेझरच्या खोलीतली मुलं त्यांना पाहून बोलणं थांबवायची. चहाच्या टपरीवर वेल्डर म्हणाला, “आत्या, घरातच हेर ठेवलाय की तुम्ही.” त्या हसल्या नाहीत. त्यांच्या मनात पक्कं बसलं, की सुनेला आपल्याला बाहेर काढायचंय. बाळाला सांभाळायला घरी माणूस हवंय ना. पाळणाघरात ठेवायचं तिला पहिल्यापासून पटलेलं नव्हतं.

कोडं सुटलं ते मुलामुळे, आणि त्याला आपण काय सोडवलं याचा पत्ताही नव्हता. रविवार होता. तो बाळाचा लंगोट बदलत होता. बाळाच्या खाली घालायचं फडकं शोधत आतूनच ओरडला, “आई, ती तुझी मऊ फडकी संपत आली. अजून आण ना.”

भांडं पुसायला खास फडकी येतात, धागा न सुटणारी, बंद पाकिटात. पाकीट फोडलं की उरलेली फडकी परत आत न्यायची नाहीत, टाकून द्यायची, असा नियम आहे. टाकून कुणी देत नाही. कुणी चष्म्याला नेतं, कुणी गाडीच्या काचेला. आत्या बाळासाठी आणायच्या, कारण त्याच्या पुरळाला दुसरं कुठलंच कापड इतकं मऊ लागत नव्हतं.

“मागची कुठे गेली?” आत्यांनी विचारलं.

“ती मी धुऊन, वाळवून घडी घालून तुझ्या कामाच्या पिशवीत ठेवली होती,” मुलगा म्हणाला. “त्या प्लास्टिकच्या पाकिटात. तुला लागतात ना तिकडे. मला वाटलं, तूही म्हणशील कधीतरी की पोराने काम केलं.”

भाजी चिरणारी सून सुरी हातात धरून तशीच थांबली. आत्या खुर्चीवर बसल्या. भांडं बंद करायच्या दिवशी शेवटच्या काही टाइल राहिल्या होत्या आणि बाहेरून दिलेली पाकिटं संपली होती. नवं पाकीट मागवलं तर दार सोडून कुणीतरी स्टोअरपर्यंत जाणार, सही होणार, तासभर जाणार. त्यांच्या पिशवीत त्याच दिवशीच्या पाकिटातली जास्तीची फडकी नेहमी असायची. त्यांनी बाहेर हात काढून पिशवी मागितली होती आणि प्लास्टिकच्या पाकिटातून फडकं घेतलं होतं. पांढरं, घडी घातलेलं, स्वच्छ. ते बाळाच्या अंगाखालून आलेलं होतं. मलम धुतलं तरी कापडातून पूर्ण जात नाही.

मुलगा बाळाला घेऊन बाहेर आला आणि दोघींचे चेहरे पाहून म्हणाला, “आता मी काय केलं?”

सून हळूच म्हणाली, “आई, हे साहेबांना सांगावं लागेल. मी सांगू की तुम्ही सांगताय?”

“मी सांगेन.”

“उद्या?”

“उद्या म्हणजे उद्या,” आत्या म्हणाल्या. “माझ्या तोंडावर लेझर मारून बघ हवं तर.”

सोमवारी सकाळी सुनेने कपाट उघडलं तर फडकी नव्हती. टोपलीत नाही, दोरीवर नाही, बाळाच्या गादीखालीही नाही. आत्या आंघोळीला गेल्या होत्या. सून तिथेच उभी राहिली. एका फडक्यावर लेझर मारून पाहिला असता तर भिंतीवरच्या आणि फडक्यावरच्या रेघा जुळवता आल्या असत्या. तो पुरावा नाहीसा झाला होता. आत्या साहेबांसमोर हात वर करतील, मग परत स्क्रू, परत स्टोअरकीपर, आणि शेवटी तिच्याच एका मोज्यावर गोष्ट येऊन थांबेल, असं तिला स्पष्ट दिसायला लागलं. ती चहा न घेता स्कूटरवरून निघाली.

फडकी आत्यांच्याच पिशवीत होती. रात्रीच त्यांनी ती नव्या पाकिटात घालून वर चिकटपट्टी लावून ठेवली होती, साहेबांच्या टेबलावर ठेवायला. सुनेला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, द्या, मी नेते. आपली चूक आपल्या हाताने न्यायची होती त्यांना.

त्या प्रयोगशाळेच्या बसने पोचल्या, चप्पल बदलून साहेबांच्या खोलीकडे गेल्या. दार उघडं होतं. सून आत बसलेली होती. साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि त्यांच्या नजरेवरूनच आत्यांना कळलं, की सांगून झालंय.

“आत्या, फडकी घरी नेत होतात?” साहेबांनी विचारलं.

आत्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. “तेच सांगायला आले होते.”

सुनेने पाकिटाकडे पाहिलं, मग आत्यांकडे. “आई, मला वाटलं तुम्ही टाकून दिलीत.”

“ते कळलं मला.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मुलाबद्दल ऐकल्यावर कपाळाला हात लावला, थोडे हसलेही. पण पकडल्यावर कबूल केलेलं आणि आपणहून येऊन सांगितलेलं, यात त्यांच्या लेखी फरक होता, आणि आत्या कुठल्या बाजूला पडतात ते ठरवायला त्यांच्याकडे सुनेचं आधी येणं एवढंच होतं. आत्यांनी सांगून पाहिलं असतं, की चिकटपट्टी बघा, मी रात्रीच लावलीय. पण सुनेदेखत आपल्या खरेपणाची साक्ष चिकटपट्टीला द्यायला लावायची, हे त्यांच्याने झालं नाही. साहेब म्हणाले, जाहीर केलंय ते केलंय. आत्यांनी आता आत जायचं नाही. कामाचं नंतर बघू.

त्या टाइल मात्र पुसायला हव्या होत्या. भांडं परत उघडलं. दारातून जाईल असं दुसरं अंग विभागात एकच होतं, आणि ते सुनेचं.

आत्या दाराबाहेर पाकिटं घेऊन बसल्या. साहेबांनी त्यांना तेवढं करू दिलं. सून आत जाताना खांद्याला अडकली. “आधी उजवा हात,” आत्या म्हणाल्या, “डोकं नंतर. बाळ बाहेर येतं त्याच्या उलटं.” सून आत गेली. आतून धातूवर गुडघे घासल्याचा आवाज यायचा, मध्येच श्वास. आत्यांनी सील तपासून एकेक पाकीट फोडलं आणि एकेक फडकं आत दिलं. दुसरं मागितलं की पहिलं परत घेतल्याशिवाय देत नव्हत्या.

“मागची बाजू पुसलीस?”

“पुसली.”

“फडकं आडवं धरून कडेची घाण निघत नाही. बोटाने जायचं.”

“बोटानेच गेले, आई.”

“मला काय दिसतंय इथून,” आत्या म्हणाल्या.

भांडं बंद झाल्यावर आत्या लेझरच्या खोलीत गेल्या. इतक्या वर्षांत कधी गेल्या नव्हत्या. सुनेने त्यांना जाड काळपट चष्मा दिला, तो त्यांच्या नाकावरून घसरत होता. बटण दाबलं, कुठेतरी टक् असा आवाज झाला आणि पडद्यावर रेघांचं कुंपण उभं राहिलं. निळ्या भागात जिथे तीन रेघा होत्या तिथे आता काही नव्हतं. सुनेने बोट ठेवून ती जागा दाखवली.

आत्या वाकून बघत राहिल्या. “ही तू पुसलेली?”

“हो.”

“आता माझी दाखव. बंद पाकिटातल्या फडक्याने मी पुसलेली. वरच्या बाजूची, पंपाच्या शेजारची.”

“ती मागेच पाहिलीय आई. स्वच्छ आहे.”

“तू पाहिलीस. मी नाही.”

सुनेने आरसा फिरवला. तिचा हात बटणावर थोडा वेळ थांबला, कारण त्या टाइलवर आज भलतंच काही निघालं असतं तर ते तिला आत्यांच्या शेजारी बसून बघावं लागलं असतं. मग तिने बटण दाबलं. परत तेच कुंपण, आणि निळ्यात तीच मोकळी जागा. तिने दोन्ही चित्रं वर-खाली लावली आणि खुर्ची थोडी सरकवून आत्यांना पुढे जागा करून दिली.

“सारख्याच दिसतायत,” सून म्हणाली.

“दिसतायत,” आत्या म्हणाल्या. त्यांनी चष्मा दोन्ही हातांनी नाकावर घट्ट धरला. “परत मार.”